नादाची दिशा

औंढा नागनाथाच्या देवळाविषयी मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी आख्यायिका अशी की, नामदेवराय देवळाच्या पुढ्यात कीर्तनास उभे राहिले असता त्यांची जात काढून त्यांना तेथून उठविण्यात आले, आणि कोणाशीही वाद न घालता ते देवळाच्या पाठीमागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. तेथील नंदी मागच्या अंगास आहे, हा त्या प्रसंगाचा दाखला म्हणून यात्रेकरूंना दाखविला जातो. केवळ स्थलपुराण म्हणून ही कथा बाजूस सारता येत नाही. कारण शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची जी ६१ पदे समाविष्ट आहेत, त्यांत देऊळ भक्ताकडे फिरल्याचा हा प्रसंग, स्थळाचे नाव न घेता, नामदेवांच्याच मुखाने आलेला आहे. आणि ज्या ग्रंथात तो आला त्या ग्रंथालाच गुरुपदाचा अधिकार देऊन गुरु गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा १७०८ साली जेथे समाप्त केली, ते गोदाकाठचे नांदेड औंढ्यापासून फारसे दूर नाही. एका प्रदेशातील शिंप्याच्या मुखातून निघालेला शब्द पंजाबात जाऊन ग्रंथस्थ व्हावा आणि त्या ग्रंथाला गुरुत्व मिळण्यासाठी पुन्हा त्याच प्रदेशात यावे, हा योग मला नेहमीच विलक्षण वाटत आलेला आहे.

त्याच औंढ्याशी जोडलेली दुसरी कथा विसोबा खेचरांची. गुरूच्या शोधात निघालेल्या नामदेवांना एक वृद्ध शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेला दिसला. त्याचे पाय उचलून अन्यत्र ठेवू जावे तो तेथेही पिंडी प्रकट झाली, आणि पाय ठेवण्यास निर्देव अशी जागाच उरली नाही. हाच आशय गुरु नानकांच्या मक्केच्या यात्रेसंबंधी जनमसाख्यांत आला आहे: काब्याकडे पाय करून निजल्याबद्दल दोष दिला गेला तेव्हा, ज्या दिशेला ईश्वर नाही त्या दिशेला माझे पाय फिरवा, असे नानकांनी म्हटल्याचे सांगतात.

या दोन्ही कथा आपण एकाच भक्तिभावाने सांगतो आणि ऐकतो. परंतु किंचित थांबून पाहिले तर त्यांचा परस्परांशी मेळ सहजासहजी बसत नाही. पहिल्या कथेतील ईश्वराला मुख आहे, पाठ आहे, आणि ते मुख त्याने एका विशिष्ट बाजूस वळविले आहे. दुसऱ्या कथेतील ईश्वर दहा दिशांना समसमान भरलेला असल्यामुळे त्याच्या बाबतीत वळणे या क्रियेला काही अर्थच राहत नाही. जो सर्वत्र आहे त्याने वळावे ते कोठून, आणि कोणीकडे? सर्वव्यापित्व खरे मानावे तर सन्मुखता हा भक्ताच्या मनाचा लाडका भ्रम ठरतो. सन्मुखता खरी मानावी तर सर्वव्यापित्व ही पंडितांनी देवाला दिलेली एक पदवी ठरते. या प्रश्नाचा विचार मी येथे एका अशा साधनाच्या आश्रयाने करणार आहे, की जे धर्मचिंतनाच्या प्रांतात सहसा प्रवेश करीत नाही, परंतु आमच्या लातुरात आणि नांदेडात आता घरोघरी परिचयाचे झालेले आहे: संगणकाला जोडलेली, श्रोत्याला चहूंबाजूंनी वेढणारी ध्वनियोजना.

अशा यंत्राचा आधार घेण्याचे कारण असे की, पंचेंद्रियांत केवळ कानालाच पाठीमागचे जग प्रत्यक्ष असते. डोळ्याला समोरचे अर्धे वर्तुळ पुरे होते, स्पर्शाला लागून असलेली वस्तूच हवी असते. पण मागून येणारी हाक, माथ्यावरचा गडगडाट आणि शेजारच्या गल्लीतील टाळमृदंग हे सर्व कान एकाच वेळी आपल्या हद्दीत घेतो. म्हणूनच व्यापक तत्त्वाची उपमा शोधताना आपले साधुसंत वारंवार नादाकडे वळले असावेत असे मला वाटते. आणि जे संतांनी उपमेने सुचविले त्याचे एक स्थूल रूप मनुष्याने यंत्राने उभे केले असेल, तर ते उभे करताना त्याला काय साधले आणि काय साधले नाही, हे तपासून पाहणे निष्फळ ठरू नये.

या योजनेची मांडणी अशी. पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, मिळून ज्याला लोक ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणतात, त्यात एक स्पीकर ऐन समोर, दोन समोरच्या डाव्या-उजव्या अंगांस मध्यरेषेपासून ३० अंशांवर, आणि उरलेले दोन श्रोत्याच्या किंचित मागे, १०० ते १२० अंशांच्या दरम्यान, मांडावेत असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा संकेत आहे. संगणकाच्या पोटात या सहा वाहिन्या अंकरूपाने असतात. त्यांना ॲम्प्लिफायरपर्यंत, ज्याला या व्यवहारात रिसीव्हर म्हणतात त्याच्यापर्यंत, अंकरूपातच न्यावयाचे असते. तोशिबा कंपनीने १९८३ साली प्रचारात आणलेली ऑप्टिकल केबल, जिच्या टोकाशी तांबडा प्रकाश दिसतो, ती या कामी पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. परंतु तिची मूळ तरतूद दोनच वाहिन्यांपुरती आहे. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास १६ बिट या हिशेबाने दोन वाहिन्यांना सेकंदाला सुमारे १५ लाख बिट लागतात, सहांना ४६ लाख; तेव्हा सहांचा ऐवज त्या वाटेने न्यावयाचा तर त्याचा संक्षेप करणे ओघानेच येते. डॉल्बी डिजिटल ही त्या संक्षेपाची प्रसिद्ध रीत; मोठ्या आवाजाच्या सावलीत जो लहान आवाज कानाला एरव्हीही जाणवला नसता तो गाळून ती सहा वाहिन्या डीव्हीडीवर सेकंदाला ४,४८,००० बिटांत बसविते. एचडीएमआयची केबल असेल तर हा संकोच करावा लागत नाही, कारण ती संक्षेपावाचूनच आठ वाहिन्या वाहून नेते.

यातील जी गोष्ट मला सर्वाधिक विचारणीय वाटली ती निराळीच आहे. संक्षिप्त केलेला हा मजकूर चित्रपटाच्या तबकडीवर आधीच सिद्ध असतो, आणि संगणकाने तो न उघडता तसाच पुढे पाठवावा, उघडण्याचे काम रिसीव्हरने करावे, अशी व्यवस्था करता येते. जाणकार तिला पासथ्रू म्हणतात. या व्यवस्थेत संगणक हा मोहोरबंद थैली पोचविणारा जासूद असतो. थैलीत काय आहे हे वाचण्याचा त्याला अधिकार नसतो, आणि वाचून त्यात सुधारणा करण्याचा तर नसतोच नसतो. संगणकाच्या पडद्यावरील आवाज कमी-अधिक करणारी पट्टी यावेळी निरुपयोगी ठरते. एखाद्या प्रणालीने आपला अंमल गाजवून त्या अंकांना हात लावलाच, आवाज किंचित मोठा करावा किंवा इतर ध्वनी त्यात मिसळावा या सदिच्छेने का होईना, तर गाणे मोठे होत नाही; रिसीव्हरला तो मजकूर ओळखताच येत नाही, आणि स्पीकरमधून एक तर शांतता किंवा कर्कश खरखर बाहेर पडते. नव्याने हे यंत्र जोडणाऱ्या पुष्कळांची निराशा नेमकी येथेच होते. दोष केबलचा नसतो, स्पीकरचाही नसतो. मधल्या एका वाहकाने अनधिकाराने ढवळाढवळ केलेली असते.

शब्द अविकृत पोचविण्याची ही चिंता आपल्या धर्मपरंपरांना अपरिचित नाही. वेदाच्या रक्षणासाठी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा पाठपद्धती सिद्ध झाल्या, त्यांचे प्रयोजन हेच की, तीच पदे उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा म्हटली जाऊन एका वर्णाचीही तफावत पडली तर ती आपोआप उघडकीस यावी. अंकांची रुजवात घालणाऱ्या आधुनिक यंत्रांनी याहून तत्त्वतः वेगळे काही केलेले नाही. शिखांच्या इतिहासात तर याचा एक हृदयद्रावक दाखला आहे. गुरु हरराय यांचे ज्येष्ठ पुत्र रामराय यांनी औरंगजेबाच्या दरबारात, बादशहाची मर्जी राखण्यासाठी, नानकांच्या वाणीतील एक शब्द बदलून सांगितला. पित्याने त्या एका शब्दासाठी पुत्राचा त्याग केला आणि गुरुपदाचा वारसा धाकट्याकडे गेला. ज्या परंपरेत एका शब्दाचे मोल एवढे मानले गेले, तीच परंपरा पुढे नांदेडात शब्दालाच गुरुपदी बसवू शकली, यात मला पूर्ण संगती दिसते. शब्द मधल्या वाहकाच्या इच्छेवर अवलंबून राहू नये, ऐकणाऱ्यासमोर तो त्याच्या मूळ अधिकारानिशी उभा राहावा, ही त्यामागील निष्ठा होती.

परंतु शब्द अविकृत पोचला म्हणजे तो ऐकला गेला असे नव्हे. थैली उघडल्यानंतर सहा स्पीकर सहा जागी बोलू लागतात, आणि श्रोत्याला मात्र सहा आवाज ऐकू येत नाहीत. त्याला एक दालन ऐकू येते, पाऊस ऐकू येतो, सभा ऐकू येते. हे कसे घडते या प्रश्नाशी आपल्या दर्शनकारांनी फार पूर्वी झुंज घेतलेली आहे. वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. तो पाण्यातील तरंगाप्रमाणे एकातून दुसरा, किंवा कदंबाच्या फुलाप्रमाणे एकाच वेळी सर्व बाजूंस उमलत जातो, आणि या मालिकेतील शेवटचा शब्द कानाच्या पोकळीतील आकाशात उत्पन्न होतो तेव्हा श्रवण घडते. येथील सूक्ष्मता लक्षात घेण्याजोगी आहे: त्यांच्या सिद्धान्तानुसार श्रोत्रेंद्रिय म्हणजे दुसरे काही नसून कर्णविवराने मर्यादित झालेले ते सर्वव्यापी आकाशच होय. म्हणजे व्यापकच व्यापकाला ऐकते, पण एका लहानशा पोकळीच्या हद्दीत राहून. यावर बौद्धांचा आक्षेप उभा होता. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात डोळा, कान आणि मन ही तीन इंद्रिये विषयाला न भिडताच त्याचे ग्रहण करतात असे मानले आहे. शब्द जर कानात येऊनच कळत असेल, तर तो दूर आहे, पूर्वेकडून आला, हे कसे कळावे? नैयायिकांच्या बाजूने देण्यात आलेले उत्तर थोडक्यात असे की, कानाला शब्द प्रत्यक्ष होतो, दिशा मात्र त्याच्या आगमनाच्या प्रकारावरून मागाहून समजते.

या वादात आधुनिक ध्वनिशास्त्राने दिलेली साक्ष बहुतांशी नैयायिकांच्या पदरात पडते. एकट्या कानाला, त्याच्या पाळीच्या वळणांमुळे मिळणारी थोडी सूचना सोडली, तर दिशेची जाण फारच तोकडी असते. एकाच बाजूने आलेला आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो. हे अंतर जास्तीत जास्त असते तेव्हाही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमीच भरते. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे उंच स्वर पलीकडच्या कानाला मंद ऐकू येतात. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली या दोन खुणांवर दिशाज्ञानाची उपपत्ती मांडली. याचा अर्थ असा की, दिशा ही दोहोंपैकी कोणत्याही कानात नसते. ती दोन साक्षींच्या तफावतीतून मनाने काढलेला निवाडा असतो. म्हणूनच त्या मनाला बांधेसूद साक्षी पुरविल्या तर तो निवाडा यंत्रालाही घडविता येतो. लंडनमधील ॲलन ब्लुमलीन यांनी १९३१ साली ज्या शोधाचे पेटंट मागितले त्यातील मर्म हेच: दोन स्पीकरमधून एकच आवाज सारख्या प्रमाणात सोडला की तो दोहोंच्या मधोमध, जेथे काहीच नाही अशा रिकाम्या जागेतून, येतो असे वाटते.

मीमांसकांनी या ठिकाणी आणखी एक पाऊल टाकलेले होते, आणि मला ते पाऊल अधिक खोल वाटते. त्यांच्या मते शब्द नित्य आणि विभू आहे. वायूच्या आघाताने उठणारा ध्वनी त्या शब्दाला निर्माण करीत नाही, एका ठिकाणी केवळ प्रकट करतो. तेव्हा दूर-जवळ, पूर्व-पश्चिम, मंद-तार हे सारे भेद ध्वनीच्या पदरी जमा होतात. शब्दाला त्यांचा विटाळ नाही. सहा स्पीकरांच्या मध्ये बसून एखादे कीर्तन ऐकताना हा सिद्धान्त कोरडा राहत नाही. गायकाचा स्वर कोणत्या पेटीत आहे म्हणून एकेका पेटीला कान लावावा तर तो कोठेच सगळा सापडत नाही. आणि जागेवर येऊन बसावे तर तो अखंड समोर उभा असतो. मराठवाड्यातच, अंबाजोगाईच्या परिसरात, मुकुंदराजांनी विवेकसिंधूत ब्रह्माचे निरूपण करताना मराठीला जो सूक्ष्म विचार पेलायला लावला, त्या विचाराला हे एक स्थूल उदाहरण जोडता येईल असे मला वाटते.

याच संदर्भात एक लहानशी गोष्ट नमूद करावीशी वाटते. नांदेडच्या दरबारातील कीर्तनाची जी ध्वनिमुद्रणे सर्वसाधारणपणे मिळतात ती दोन वाहिन्यांचीच असतात. त्यांना पाच स्पीकरांत वाटण्याचे काम रिसीव्हर करतो, आणि त्यासाठी डॉल्बी प्रो लॉजिकसारखी जी रीत वापरली जाते तिचा न्याय मोठा अर्थपूर्ण आहे. दोन्ही वाहिन्यांत जे समान आणि एकतालाचे आहे ते ती समोरच्या मधल्या स्पीकरला देते. दोहोंत जे परस्परांपासून भिन्न, विस्कटलेले आहे ते मागच्या स्पीकरांकडे पाठविते. रागी गायकाचा स्वर दोन्ही मायक्रोफोनांना सारखा पोचलेला असल्याने तो समोर येतो. संगतीतील लोकांचा अस्फुट कल्लोळ, भिंतींवरून परतलेला निनाद, हे मागे जाते. जे एक आहे ते सन्मुख, जे अनेक आहे ते सभोवार. हे ऐकताना औंढ्याच्या दोन्ही कथा मला प्रथमच एकमेकींच्या शेजारी शांतपणे बसलेल्या दिसल्या.

तरीही केवळ सभोवार असणे, दिशा नसणे, हेच पावित्र्याचे लक्षण मानण्याचा मोह आवरला पाहिजे. आणि तो आवरण्याचे कारण लातूर जिल्ह्याला कोणी पढवावे लागत नाही. खर्जातील आवाजाची तरंगलांबी काही मीटर असते. डोक्याचा आडोसा त्याला लागत नाही, दोन कानांच्या साक्षींत म्हणावी अशी तफावत पडत नाही, आणि म्हणून सबवूफर खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यात ठेवला तरी चालतो. घरात ही सोय असते. भूमीखालून तोच आवाज आला तर ती यातना असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालची गावे कोसळली आणि हजारो माणसे निजल्या जागी गेली. त्यानंतर या भागातील माणसाच्या कानात खर्जाविषयी जे कायमचे भय बसले आहे, ते त्या पिढीबरोबर संपलेलेही नाही. २०२२ साली निलंगा तालुक्यातील हासोरी गावात जमिनीखालून पुन्हा पुन्हा येणाऱ्या आवाजांनी लोक हवालदिल झाले होते. तो आवाज सर्वत्र असतो, कोणत्याही दिशेचा नसतो, आणि त्याच्यापुढे जायला पाठ आणि मुख अशी बाजूच उरत नाही. त्याला सर्वव्यापी म्हणावे लागते, पण त्याच्यापुढे कोणी हात जोडत नाही. माणसे मुलांना उचलून अंगणात धावतात. ज्या व्यापकाला मुख नाही, ज्याच्याकडे वळता येत नाही आणि जो आपल्याकडे वळत नाही, त्याच्याशी भयावाचून दुसरे नाते जुळत नाही. देऊळ वळल्याच्या कथेची गरज मला येथे कळते. विसोबांनी दाखविलेले सर्वव्यापित्व एकटे राहिले असते तर ते तत्त्व म्हणून निर्दोष ठरले असते. माणसाला त्याच्या घरात राहता आले नसते.

मग ते वळणे कोणाचे? याचे उत्तरही श्रवणाच्या रचनेतच दडलेले आहे. आवाज ऐन समोरून आला काय किंवा ऐन पाठीमागून आला काय, दोन्ही कानांना तो एकाच क्षणी आणि एकाच तीव्रतेने पोचतो. रॅले यांच्या दोन्ही खुणा तेथे मुक्या होतात. हा पेच कान कसा सोडवितो हे हान्स वालाख यांनी १९४० साली दाखविले: श्रोता, बहुधा नकळतच, आपले मस्तक किंचित वळवितो. तो उजवीकडे वळला आणि आवाज डाव्या कानाला आधी लागू लागला, तर आवाज समोर आहे. उलट झाले तर मागे. म्हणजे निश्चल बसलेल्या श्रोत्याला पुढचे-मागचे निश्चितपणे ठरविता येत नाही. ते वळणाऱ्यालाच ठरविता येते. हेडफोन घालून ऐकताना नाद डोक्याच्या आतच कोंडल्यासारखा वाटतो याचेही एक कारण असे की, आपण वळलो की तो आपल्याबरोबर वळतो, आणि आपल्याबरोबर वळणाऱ्या वस्तूला मन बाहेरची मानत नाही. स्पीकर मात्र आपापल्या जागी उभे राहतात. आपल्या वळण्याने जे हलत नाही, तेच आपल्याला बाहेरचे, खरे, आणि सन्मुख होण्याजोगे वाटते.

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, आणि ते केवळ मोजणीच्या सोयीने दिलेले नसावे, असे मला यावरून वाटू लागले. श्रवण ही निष्क्रिय अवस्था नव्हे. त्यात वळणे आहे. तथापि नामदेवांच्या कथेचा एक अंश अजून शिल्लक राहतो, आणि या ठिकाणी घरातील यंत्राशी माझे मत जुळत नाही. देऊळ ज्याच्याकडे वळले तो गात होता. त्याने देवळाला आपल्या भोवती बोलाविले नव्हते. त्याला तर समोरच्या जागेवरून उठविले होते, आणि मिळाली त्या मागच्या जागेवरून, तक्रारीवाचून, त्याने आपले गाणे चालू ठेवले होते. सहा स्पीकर मात्र जो गात नाही, केवळ बसला आहे, त्याच्याकडे तोंड करून मांडावे लागतात. आणि ते ज्या बिंदूकडे वळविलेले असतात तो बिंदू एका खुर्चीएवढाच असतो. त्या खुर्चीवरून हातभर बाजूला सरकले की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, मन त्यालाच उगम मानते, आणि मधोमध उभा असलेला गायक एका बाजूला कोसळतो. घरातील आई, मुले, पाहुणे हे सर्व या बिंदूच्या बाहेर बसलेले असतात. व्यापकतेचा हा आभास एकाच माणसाला मिळतो, आणि तोही इतरांनी दूर बसावे या अटीवर.

केंद्रस्थानी कोण बसावे याविषयी या प्रदेशाने पूर्वी निराळा विचार केलेला आहे. १९१७ साली वसविलेल्या लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एका वर्तुळात येऊन मिळतात, आणि त्या सोळा रस्त्यांवरील बाजाराचा, हमालांचा, दलालांचा, बैलगाड्यांचा आणि आता मोटारींचा गलका जेथे एकवटतो तेथे कोणा धनिकाचे दुकान नाही, अंबाबाईचे देऊळ आहे. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारलेल्या नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात जावे, तर तेथेही सर्वांची मुखे ग्रंथाकडे. ऐकणारा जेथे जागा मिळेल तेथे, खांबाच्या आडोशाला किंवा दारापाशी, जमिनीवर बसतो, आणि कोठे बसल्याने कीर्तनाचे फळ कमी होते असे कोणी मानीत नाही. त्याहून पुढची गोष्ट औशाच्या नाथ संस्थानातील चक्रीभजनाची. तेथे भजनी मंडळी एका जागी उभी राहत नाहीत; टाळांच्या ठेक्यावर पावले टाकीत चक्राकार फिरतात, आणि फिरता फिरताच म्हणतात. त्या चक्रातील कोणाचाही कान कोणत्याच क्षणी स्थिर नसतो; शेजाऱ्याचा स्वर समोरून येतो, बगलेतून जातो, पाठीमागून पुन्हा येऊन मिळतो, आणि स्वतःचा स्वरही इतरांच्या दृष्टीने तसाच येत-जात असतो. प्रत्येक जण इतरांच्या भोवताली असलेल्या नादाचा एक अंश असतो. नादाने वेढले जाणे आणि नाद होणे या दोन अवस्थांत तेथे अंतर उरलेले दिसत नाही. विसोबांच्या पिंडी आणि नामदेवांचे वळलेले देऊळ या दोन्हींचा अर्थ मला तेथे एकत्र लागतो. व्यापक तत्त्व वळते ते भक्ताला केंद्र करण्यासाठी नव्हे. गाणारा आणि ज्याच्यासाठी गायले जाते तो, हे एकमेकांकडे वळू शकतात एवढी मुभा त्या व्यापकतेतच आहे, म्हणून.

एवढा विचार झाल्यावर घरातील यंत्र मोडीत काढावे असे मला वाटलेले नाही. त्याची तजवीज मात्र मी निराळी केली. हल्लीच्या पुष्कळ रिसीव्हरांबरोबर एक लहान मायक्रोफोन येतो. तो बसण्याच्या जागी ठेवला की यंत्र प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडून त्याचे अंतर आणि पातळी मोजते व त्याप्रमाणे विलंब आणि स्वर जुळवून घेते. काही यंत्रांत हे मोजमाप एकापेक्षा अधिक जागी घेण्याची सोय असते, आणि एकट्या खुर्चीसाठी घेतलेले मोजमाप कानाला अधिक रेखीव लागते हे जाणकारांचे मत खरे आहे. आमच्या बैठकीत तो मायक्रोफोन सतरंजीच्या चारी कोपऱ्यांवर, आईच्या पलंगापाशी आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरही ठेवून मोजमाप घेतले आहे. गायक पूर्वीसारखा रेघेवर उभा राहत नाही, थोडा पसरट ऐकू येतो. आणि एकादशीच्या रात्री ध्वनिमुद्रणातील ध्रुपद मागच्या स्पीकरांतून आले की घरातील माणसे आपापल्या जागेवरून ते उचलून म्हणू लागतात.